स्वच्छ फ्रेम

यंदा पाऊस तोंड दाखवून गेला. पिकं गुडघ्याच्या वर चढली नाहीत. एरवी निम्मं गाव वीटभट्टीवर जायचं, ते यंदा जवळजवळ सगळंच निघालं. या निघणाऱ्यांची टोळी बांधणारा मुकादम म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्यांच्या पोरांना शाळेत शिकवणारी म्हणजे माझी बायको. दोघं एकाच चुलीवरचं खाऊन सकाळी घराबाहेर पडतात आणि दोन दिशांना तोंड करतात. मी मधल्यामध्ये, दारातल्या शेडखाली पाण्याची इंजिनं खोलत बसलेला. यंदा इंजिनं तरी कुठली येणार? विहिरीच कोरड्या, तर इंजिन बिघडणार कशाने?

बायकोला सगळं गाव बाई म्हणतं. मीही म्हणतो, रागावलो की आणि लाडात आलो की.

शाळेच्या मागे एक लांबट खोली आहे. आईबाप भट्टीवर गेले की त्यांची पोरं हंगाम संपेपर्यंत त्या खोलीत राहायची, आणि माझी आई त्यांना रांधून घालायची. दरवर्षी वरून परवानगी यायची, धान्य यायचं, आई कुरकुरत मोठी पातेली घासून काढायची. कुरकुर नुसती तोंडाची. पोरं आली की तिच्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं.

यंदा परवानगी आली नाही. त्याऐवजी बाईला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. मास्तरांनी मोबाईलवर व्हिडिओ तयार करायचे आणि त्यातून शिकवायचं, असं वर ठरलं होतं. बाईने शिक्षण खात्याच्या साहेबांना खोलीचं विचारलं, तर साहेब म्हणाले, "आधी व्हिडिओचं होऊन जाऊ द्या, मग बघू."

बाई प्रशिक्षणाहून आली ती झपाटल्यासारखी. शिकवायला एक डोक्यावर टोपी घातलेला पोरगेला माणूस होता म्हणे, भर खोलीत टोपी. त्याने सांगितलं होतं, फ्रेम स्वच्छ ठेवा. फ्रेम म्हणजे कॅमेऱ्यात मावतं तेवढं चौकोनातलं जग. जे लागत नाही ते त्या चौकोनात नको. बघणाऱ्याचं लक्ष उडतं.

मग आमच्या घरातलं काय काय लागत नाही त्याचा शोध सुरू झाला. वळचणीची दोरी लागत नव्हती. आईची पातेली लागत नव्हती. माझा खोकला तर मुळीच लागत नव्हता. मोबाईल हलतो म्हणून मी तिला भंगारातल्या पाइपचा तीन पायांचा स्टँड वेल्डिंग करून दिला, त्याला सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले. त्यावर मोबाईल बसवून बाई भिंतीपुढे उभी राहायची, दोरीची घडी घालून अर्धा, पाव समजावून सांगायची. मध्येच कोंबडा आरवायचा.

"अहो, त्याला घेऊन जा ना कुठेतरी!"

"कुठे नेऊ? त्याला काय सासर आहे?"

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ती बिचारी लाजेने लाल झाली. "मी अशी बोलते? अशी कर्कश?" मी म्हटलं, आम्ही रोजच ऐकतो, सवय झालीय. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्या दोन दिवसांत तिने तोच धडा पुन्हा पुन्हा घेतला. आवाज खाली आणला, वाक्यं तोडली, मध्ये थांबायला शिकली. वर्गात पोरगं कपाळाला आठ्या घालतं तेव्हा बाई थांबते. कॅमेरा आठ्या घालत नाही. म्हणून समोर आईला बसवायची, आणि आईला कळेनासं झालं की तिच्या चेहऱ्यावर बरोबर आठ्या यायच्या. धडा सुधारत गेला. मला खरंच अभिमान वाटला. एवढं जीव तोडून शिकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एवढ्यात टोळीचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. परवानगीची वाट बघायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे पोरंही आईबापांच्या मागे चढली. त्यांत मुंगी होती. तिला मुंगी म्हणतात कारण चालते ती सदा काहीतरी डोक्यावर घेऊनच. बाईच्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोर. तेव्हाही तिच्या डोक्यावर अंथरुणाची वळकटी आणि हाताला धरलेला धाकटा भाऊ.

"पोरांचं काय काम तिथे?" बाईने माझ्या भावाला विचारलं.

"वहिनी, काम कसलं? खेळतील. फार तर ओल्या विटा पलटतील. मोठं माणूस ओल्या विटांवर चाललं तर वीट मोडते. पोरं वजनाला हलकी, मोडत नाही." हे तो अगदी सहज बोलला, कुठल्या बैलाला कुठलं जू बसतं ते सांगावं तसा.

बाईने मुंगीच्या बापाचा नंबर घेतला. "मी रोज धडा पाठवीन. तू बघायचं आणि तुला काय समजलं त्याचा व्हिडिओ मला उलट पाठवायचा. पाठवशील ना?" मुंगीने मान हलवली. वळकटी जरा घसरली.

बाई धडे पाठवत राहिली. बरेच दिवस काही आलं नाही, आणि मग मुंगीचा पहिला व्हिडिओ आला. सुरुवातीला पडदाभर नुसतं एक नाक. मग नाक मागे सरकलं आणि मुंगी दिसली. हातात वीट.

"अख्खी वीट म्हणजे एक. हा तुकडा अर्धा. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. आता दोन पाव आणि एक अर्धा मिळून किती?" ती थांबली. अगदी बाईसारखी थांबली, समोरच्याला विचार करायला वेळ देऊन. "एक! बरोबर?" आणि पुन्हा पडदाभर नाक, आणि व्हिडिओ संपला.

आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. आई म्हणाली, पोरगी मोबाईल हुंगते की काय? बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. दोरीचा धडा पाठवला होता, पोरीने विटेवर उतरवला होता. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

मग बाईने तो व्हिडिओ साफ करायला घेतला. साहेबांनी प्रत्येक शाळेकडून एक उत्तम व्हिडिओ मागितला होता. मोबाईलवर बोटं फिरवत ती शेडमध्ये माझ्या बाजूला बसली. पुढचं मागचं नाक कापलं. मुंगीच्या मागे कुणीतरी डबे घेऊन ये-जा करत होतं, पलीकडे काही पोरं वाकलेली दिसत होती, लक्ष उडत होतं. तिने चौकोन ओढून लहान केला. मुंगीच्या बोटांना चिखल लागलेला वाटत होता, तोही खालून जमेल तेवढा कापला. चेहरा राहिला, अर्धीअधिक वीट आणि तिच्या कडेला मातकट बोटांची टोकं. मागून कुणीतरी शिवी हासडत होतं, त्यावर तिने बासरीचे सूर चढवले. मुंगीला मध्ये ठसका लागला होता, तोही काढला.

"कसा झालाय?"

"झकास," मी म्हणालो. झालाही होता झकास. भावाने पाहिला, म्हणाला, "वहिनी, पोरगी एकदम हिरॉईन केलीत तुम्ही."

साहेब स्वतः गावात आले ते त्या व्हिडिओसाठी. शाळेत पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. गावात उरलेली म्हातारी माणसं आणि दोनचार बाळंतिणी तेवढ्या समोर. माझ्या भावाला साहेबांनी बोलावून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बाई उभी. खुर्ची कमी पडली म्हणे.

व्हिडिओ झाला. टाळ्या झाल्या. साहेब उठले. "पाहिलंत? मूल आईबापांजवळ आहे, आनंदात आहे, आणि शिकतंय! घरापासून तोडून कोंडून ठेवायची गरजच काय? या एका व्हिडिओने आम्हाला दिशा दिली. या वर्षीपासून पोरांना ठेवायची ती जुनी व्यवस्था बंद. मागच्या खोलीत आपण स्टुडिओ करतोय. आणि मुकादमांनी भट्टीवर शिक्षणाला जे पोषक वातावरण दिलंय, त्याबद्दल त्यांचंही कौतुक."

भाऊ हात जोडून उभा राहिला. पोषक वातावरण! मी कानांत बोटं घालून घेतली असती, पण हात ग्रीसचे होते.

"साहेब, पण मी तर खोलीसाठी..." बाई पुढे झाली.

"मॅडम, विनय पुरे. जरा इकडे या, फोटो. हसा. अहो, हसा की!"

बाई हसली. त्या फोटोत तिचे ओठ हसतायत आणि डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत असे आहेत. तो फोटो साहेबांच्या कचेरीत आजही लावलेला असेल, लावोत बापडे.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, मागच्या खोलीत स्टुडिओचा हिरवा पडदा ठोकला आणि आईची चूल आणि पातेली शाळेच्या अंगणात काढून ठेवली. आई उन्हात त्या पातेल्यांजवळ बसून राहिली. तिला उठवायला गेलो तर म्हणाली, "मला हात लावू नकोस. माझ्या पातेल्यांना हात लावायच्या आधी कुणी मला विचारलं?"

बाईने माझ्या मोटरसायकलची किल्ली पुढे केली. "चला."

"कुठे?"

"भट्टीवर. मी काय कापलं ते मला बघायचंय."

भट्टी लांबून आधी वासाने कळते, मग धुराने. रस्ता संपतो आणि लाल धूळ सुरू होते. धूळ दातांत येते, पापण्यांवर बसते. उन्हात ओल्या विटांच्या रांगाच रांगा, आणि त्या रांगांवरून अनवाणी पोरं चाललेली. वाकायचं, वीट उचलायची, कुशीवर ठेवायची, पुढे सरकायचं. वाकलेली पाठ दोन विटांच्या मध्ये सरळ करायचीच नाही. मुंगीचा धाकटा भाऊ पाण्याचे डबे वाहत होता. डबा त्याच्या पायाच्या नडगीला लागायचा, तिथे रोज लागत असणार, कारण कातडं सोललेलं होतं.

मुंगी आम्हाला पाहून धावत आली. "बाई, तुम्ही पाठवलेला नवा धडा मी पाहिला! व्हिडिओ करू?" बापाचा मोबाईल तिने शेडमधून आणला, विटांच्या थप्पीला टेकवून उभा केला. मग गुडघ्यावर बसली, तोंड जवळ नेलं आणि नाकाने बटण दाबलं.

बाई हसली. हसता हसता विचारलं, "अगं, नाकाने का?"

मुंगीने हात पुढे केले. दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, मातीने मातीच्याच रंगाच्या झालेल्या. "बोटाने होत नाही बाई. चिंधी सोडली की रक्त लागतं काचेला. रेतीने कातडं जातं ना. सगळ्यांचंच जातं." असं म्हणताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

बाई तिच्यापुढे खाली बसली. त्या पोरीचे हात तिने आपल्या मांडीवर घेतले आणि एकेक बोट उलटून पाहिलं. भट्टीचा मालक ओरडला, "ए पोरी, विटा सुकून चालल्या!" आणि मुंगी हात सोडवून घेऊन पळाली. पळताना वळून म्हणाली, "संध्याकाळी पाठवते हं!"

परतीच्या वाटेवर बाई एवढंच बोलली, "मी चिखल समजून बोटं कापली हो."

भाऊ घरी आला तो तणतणतच. आम्ही जेवायला बसलो होतो. "वहिनी, भट्टीवर कशाला गेला होतात? मालक मला वाट्टेल ते बोलला. माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

"भाऊजी, त्या पोरीची बोटं पाहिलीत?"

"मी रोज पाहतो! तुम्ही आज पाहिलीत. मी नाही नेलं तर दुसरा नेईल. इथे राहून काय दगड चघळतील ते?"

"आईबापांना न्या. पोरांना का?"

"पोरं मी मागितली? त्यांची खोली मी बंद केली? तुमच्या साहेबाने केली, तुमचाच व्हिडिओ दाखवून. मला खुर्चीवर बसवलं, मी बसलो. कुणी मला कधी बसवलं होतं?"

आई बाईला म्हणाली, "तो पहिला लाव, नाकाचा. न कापलेला." बाईने लावला. आईने डोळ्यांजवळ धरून पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग भावाकडे न बघता म्हणाली, "हा डबेवाला माझ्या हातचं जेवून मोठा झालेला आहे. तुझ्याएवढाच माझा आहे तो." आणि तिने स्वतःचं ताट सरकवलं. भाऊ उठून बाहेर गेला.

उत्तम व्हिडिओचा मान मिळाल्यामुळे आता बाईनेच इतर शाळांच्या मास्तरांना व्हिडिओ करायला शिकवायचं होतं. साहेबांचा तसा हुकूम होता. हॉल भरला होता. मी तिला सोडायला गेलो तो दाराजवळ बसूनच राहिलो. पहिल्या रांगेत साहेब, पाय पसरून.

बाईने साडीचा पदर खोचला. तिचा आवाज खाली होता, वाक्यं तुटलेली, मध्ये मध्ये थांबत. "आज आपण कापायला शिकू. हा माझा व्हिडिओ तुम्ही पाहिलाय." तिने बासरीचा लावला. माना डोलल्या. "आता हा, जसा आला तसा."

पडद्यावर भिंतीएवढं नाक आलं. हॉल हसला. नाक मागे सरलं. मागे डबे घेतलेलं पोर, वाकलेली पोरं, ती शिवी, तो ठसका, त्या चिंध्या. हसू थांबलं. एक म्हातारे मास्तर चष्मा पुसू लागले.

"ती नाकाने बटण दाबते, कारण बोटांना कातडं नाही. ते नाक मी आधी कापलं," बाई म्हणाली. "मग हे पोर. मग ही मुलं. मला शिकवलं होतं की लागत नाही ते बाहेर. आता तुम्ही सांगा, यातलं काय लागत नाही?"

म्हाताऱ्या मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"मॅडम," साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "हे इथे कशाला? पुढचा मुद्दा घ्या."

"हाच मुद्दा आहे साहेब. मला कापता येत नाहीये. तुम्ही दाखवता का?" आणि तिने माउस त्यांच्यापुढे धरला. अगदी नम्रपणे, वर्गातल्या पोराला खडू द्यावा तसा.

साहेबांना वाटलं, एवढ्याशा गोष्टीने बाईंची फजिती होईल आणि विषय संपेल. ते उठले. त्यांनी पडद्यावरचा चौकोन ओढला. डबेवालं पोर गेलं. आणखी ओढला, वाकलेली पोरं गेली. आता मुंगी, वीट आणि चिंध्या. त्यांनी खालून चौकोन वर सरकवला, चिंध्या थोड्या गेल्या, थोड्या राहिल्या. आणखी सरकवला, तशी वीटही जायला लागली. वीट गेली तर धडा कसला? त्यांनी पुन्हा खाली ओढला. चिंध्या परत आल्या. वर, खाली. वर, खाली. भरलेला हॉल त्यांचा हात पडद्यावर बघत होता. साहेबांच्या मानेवर घाम आलेला मला दारातून दिसला.

"आवाजही काढायचा आहे साहेब," बाई म्हणाली. "ती खोकते."

साहेबांनी माउस टेबलावर आपटला. "हा व्हिडिओच नको! काढून टाका!"

"व्हिडिओ काढून भागत असतं तर मी घरीच काढला असता." आता तिचा आवाज खाली नव्हता. तो आमच्या घरातला कर्कश आवाज होता, आणि मला तो इतका गोड कधीच लागला नव्हता. "मुलं काढा तिथून! खोली द्या आमची परत! तुम्ही माझ्या कामाचा पडदा केलात साहेब, आणि त्याच्या मागे पोरं उभी केलीत!"

साहेब निघून गेले. मास्तर लोक जागचे हलले नाहीत. एकेक जण उठून बाईजवळ येऊ लागला. आमच्याही गावची पोरं गेलीत, आमच्याकडेही खोली होती, असं जो तो सांगत होता.

परवानगी काही आली नाही. आम्ही वाटही बघितली नाही. गावात पोचलो तर आईने हिरवा पडदा उतरवून त्याची पातेली उतरवायची फडकी केली होती, आणि ती मागच्या खोलीत चूल मांडून बसली होती. दुसऱ्या सकाळी मी टेम्पो मागून आणला आणि बाईला घेऊन भट्टीवर गेलो.

मुंगीचा बाप गाऱ्यात पाय घालून उभा होता. त्याने विचारलं, "परवानगी आली का बाई?"

"नाही."

"मग?"

"मी आले."

तो मालकाकडे बघत राहिला, मग माझ्या भावाकडे. भाऊ शेडच्या कडेला उभा होता. मालक त्याच्यावर खेकसला, "मुकादम, अडव त्यांना! विटा कोण पलटणार?" भाऊ जागचा हलला नाही. आडवा आला नाही, एवढंच. तेवढं तरी माझ्या आईचं त्याच्यात उरलं होतं.

मुंगीच्या आईने पोरीच्या बोटांच्या चिंध्या सोडल्या, स्वतःच्या पदराची पट्टी फाडून नव्या गुंडाळल्या आणि तिला उचलून टेम्पोत बसवलं. ते बघून दुसऱ्या बाईने आपलं पोर चढवलं. मग तिसरीने. टेम्पो भरून गेला.

धूळ मागे टाकून डांबरी रस्त्याला लागलो तोच बाईचा फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज मला गाडी चालवताना ऐकू येत होता. विनापरवानगी मुलं शाळेत ठेवली तर कारवाई होईल, मी स्वतः पंचनाम्याला येतो, फोटो काढतो, नोकरी जाईल, असं बरंच काही.

बाईने मागे वळून पाहिलं. पोरं दाटीवाटीने बसली होती. मुंगीचा भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता.

"या साहेब," ती म्हणाली. "फोटो काढताना जरा लांब उभे राहा. सगळी मुलं मावली पाहिजेत."